हवामान नेहमीच बदलतं, मग आत्ताच माणसावर आळ का?

नमस्कार मंडळी, इंदूरच्या रामबागेतून.

आमच्याकडे सकाळी पोह्यांच्या गाडीवर, ताटलीत जीरावण भुरभुरता भुरभुरता, कुणीतरी मामा हमखास म्हणतात, "अहो, हवामान नेहमीच बदलत आलंय. माणसाचा काय संबंध?"

यातलं पहिलं वाक्य अगदी खरं आहे. पुरावाही घराजवळचाच.

(पडद्यावर: पातालपाणीचा कडा)

महूच्या पुढचा हा धबधबा. हा काळा दगड म्हणजे बेसाल्ट, साधारण ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वीचा थिजलेला लाव्हा. माळव्याची काळी माती याच दगडाची. त्या उद्रेकांनी हवेत प्रचंड वायू सोडले आणि तेव्हाचं हवामान ढवळून निघालं. म्हणजे बदल झाला, पण कारणाशिवाय नाही. मग आजचं कारण कोणतं?

ज्वालामुखी? आजचे सगळे ज्वालामुखी मिळून वर्षाला जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडतात, तो माणूस सोडतो त्याच्या एक टक्काही भरत नाही. पृथ्वीच्या कक्षेतला फरक? हिमयुगं त्यानंच आली-गेली, पण हजारो वर्षांच्या चालीनं. आणि त्या हिशोबानं आत्ता आपण हळूहळू गार व्हायला हवं होतं.

मग सूर्य! हा मामांचा आवडता. १९७८ पासून उपग्रह सूर्याची ऊर्जा मोजतायत. ती अकरा वर्षांच्या चक्रात कमीजास्त होते, वाढत मात्र गेलेली नाही. आणि खरी गंमत वर आहे. सूर्य जास्त तापला असता तर जमिनीलगतची हवाही तापली असती आणि वीस-तीस किलोमीटर वरचीही. प्रत्यक्षात खालचा थर तापतोय आणि वरचा, म्हणजे स्ट्रॅटोस्फिअर, गार होतोय. कार्बन डायऑक्साइड वाढला की नेमकं असंच होणार, हे स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी १९६७ मध्येच गणितानं दाखवलं होतं, मोजमापं हाती येण्याच्या कितीतरी आधी. मनाबेंना २०२१ चं नोबेल मिळालं. वरच्या गारव्यात ओझोन घटल्याचाही हात आहे, पण सगळा नाही.

हवेतला हा वायू २८० पीपीएमवरून (पीपीएम म्हणजे दहा लाख भागांत किती भाग) ४२० च्या पुढे गेलाय. तो आपल्याच धुराचा कशावरून? कोळसा-पेट्रोल लाखो-कोट्यवधी वर्षं जमिनीत गाडलेलं, त्यात कार्बन-१४, म्हणजे काळाबरोबर आपोआप विघटन होत जाणारा कार्बनचा प्रकार, उरलेलाच नसतो. असा 'जुना' कार्बन मिसळून हवेतलं कार्बन-१४ चं प्रमाण पातळ होतंय, हे हान्स सुएसनं १९५५ मध्ये झाडांच्या लाकडात पकडलं.

आता मामांचा सगळ्यात चांगला मुद्दा. शब-ए-मालवा म्हणून आपल्या रात्रींचं केवढं कौतुक! मे महिन्यातही गच्चीवर पहाटे चादर ओढावी लागायची, असं सगळ्या आज्या सांगतात. आता गच्चीवर गेलं की शेजारच्या एसीचा गरम झोत थेट तोंडावर. मामा म्हणतात, ही तर सिमेंटची करणी, आणि शहरातल्या थर्मामीटरवरून तुम्ही जगाला ताप आल्याचं सांगता!

शहरापुरतं म्हणाल तर बरोबर आहे, भिया. सिमेंट दिवसभराची उष्णता रात्री ओकतं. इंदूरच्या उकाड्याचं सगळं बिल कार्बनच्या नावावर फाडणं मलाही पटत नाही. पण हीच शंका अमेरिकेतल्या बर्कलीच्या रिचर्ड म्युलर या भौतिकशास्त्रज्ञाला होती. त्यानं २०१० मध्ये 'बर्कली अर्थ' गट जमवला, शहरांपासून लांबची केंद्रं वेगळी काढून जगभरच्या नोंदी पुन्हा तपासल्या. पैसा देणाऱ्यांत तेल-उद्योगातल्या कोक कुटुंबाची संस्थाही होती. निष्कर्ष? तापमानवाढ खरी, आणि २०१२ मध्ये त्यानं जाहीर लिहिलं की कारण जवळजवळ पूर्णपणे माणूसच. शिवाय समुद्रही तापलेत, तिथे कुणी कॉलनी काढलेली नाही.

एवढं झालं की शेवटचा पत्ता पडतो: "हे सगळं गोऱ्यांचं कारस्थान, आपली प्रगती अडवायला." इथे मात्र मला हसू येतं. कारण शंकेचा हा मालच बराचसा अमेरिकेतून आलेला! एक्सॉन या अमेरिकन तेल कंपनीच्या स्वतःच्या शास्त्रज्ञांनी १९८० च्या आसपास तापमानवाढीचे बऱ्यापैकी अचूक अंदाज कंपनीला दिले होते; पुढे त्याच कंपनीनं जाहिराती देऊन लोकांच्या मनात संशय पेरला. आणि हिशोब बघा. औद्योगिक काळापासून जगानं कोळसा-तेल जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यातला साधारण चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा, आपला तीन-चार टक्के. आजही सरासरी अमेरिकन माणूस आपल्या कितीतरी पट सोडतो. मामांची तक्रार रास्तच आहे. फक्त "कारण माणूस नाहीच" असं म्हटलं की सगळ्यात आधी सुटते ती अमेरिकाच. मग भरपाई मागायची कुणाकडे, सूर्याकडे?

शास्त्रज्ञांचं खरं भांडण वेगळंच आहे. कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल? आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामान-अभ्यास मंडळाचा, २०२१ चा अंदाज २.५ ते ४ अंशांचा, आणि ही एवढी फट राहण्याचं मोठं कारण ढग. त्यांच्यावर पुढचा व्हिडिओ करतेय.