पाठलाग आणि मधली मांडवी

रसिकहो, निमंत्रणपत्रिकेवर ‘मारधाडपटांचे संकेत’ असा विषय छापला आहे, आणि पाठलाग, हाणामारी, स्फोट व ध्वनी या चारही अंगांविषयी बोलण्याचे मी संयोजकांना कबूल केले आहे. सुरुवात पाठलागापासून करतो, कारण त्या बाबतीत गोमंतकीय प्रेक्षकाइतका छळ क्वचितच कोणाचा झाला असेल.

नायकाची मोटारसायकल पणजीत फोंतेन्हासच्या अरुंद गल्लीत शिरते, रंगीत घरांच्या कडेने एक वळण घेते आणि थेट शापोऱ्याच्या किल्ल्याखाली निघते. मध्ये मांडवी कुठे गेली, हे विचारायचे नाही. १९८६ मध्ये मांडवीवरचा पूल कोसळला, तेव्हा तुम्हाआम्हाला पलीकडे जायला फेरीबोटीची वाट पाहावी लागली. नायकाला नदीच आडवी येत नाही. पुढच्याच क्षणी खलनायक काणकोणात, पाळोळ्याच्या वाळूत धडपडलेला असतो. एवढ्या वेळात म्हापशाच्या स्थानकावरून आपली बस सुटतसुद्धा नाही, आणि या मंडळींना वाटेत पेट्रोलही भरावे लागत नाही.

ही तक्रार केवळ आपली नव्हे. ‘बुलिट’ या १९६८ च्या चित्रपटातील सॅन फ्रान्सिस्कोमधला पाठलाग मारधाडपटांत आदर्श मानला जातो. त्यातले लागोपाठ दिसणारे रस्ते प्रत्यक्षात एकमेकांना जोडलेले नाहीत, आणि एकच हिरवी फोक्सवॅगन त्या धावत्या मोटारी पुन्हापुन्हा मागे टाकतात. तरीही संकलनाचे ऑस्कर त्याच चित्रपटाला मिळाले, आणि ते योग्यच होते, असे मी शापोऱ्याचे दुःख बाजूला ठेवून म्हणतो. माझे म्हणणे एवढेच आहे की गावाचा नकाशा खोटा असला तरी चालेल, पडद्याचा नकाशा खोटा असता कामा नये. पुढची मोटार डावीकडून उजवीकडे धावत असेल, तर मागचीही त्याच दिशेने धावली पाहिजे. दोघे समोरासमोर उभे असतील, तर त्यांना जोडणारी एक रेषा मनात धरून कॅमेरा तिच्या एकाच बाजूला राहिला पाहिजे. १८० अंशांचा नियम म्हणतात तो हाच. हल्ली हातातला थरथरता कॅमेरा आणि सेकंदासेकंदाला तुटणारी दृश्ये यांच्या आडोशाने ही रेषा सर्रास ओलांडली जाते. कोणीतरी मार खात आहे एवढे कळते. कोण, कोणाचा आणि कुठे, ते कळत नाही. गोंधळाचा अनुभव देण्यासाठी जाणूनबुजून असे करणारे दिग्दर्शक आहेत, त्यांना माझा नमस्कार. बाकीच्यांची ती झाकपाक असते.

अध्यक्षांनी घड्याळाकडे दोनदा पाहिले आहे, तेव्हा उरलेली तीन अंगे आता धावतच उरकावी लागतील.

हाणामारीत ठोसा गालाला लागत नाही. तो चेहऱ्यापासून अंतर राखून जातो आणि कॅमेरा अशा कोनात ठेवतात की ते अंतर दिसूच नये. दहा गुंड एकेक करून पुढे येतात, यालाही कारण आहे: दहाही जण एकदम तुटून पडले, तर नायकाचे काय होईल ते सोडाच, प्रेक्षकाला नजर कुठे ठेवावी हेच कळणार नाही.

स्फोटाचे म्हणाल, तर साध्या गोळीने मोटारीची पेट्रोलची टाकी अशी भडकत नाही. तो आगीचा लोळ स्वतंत्रपणे रचावा लागतो. सेकंदाला ४८ चौकटी टिपून त्या २४ च्या गतीने दाखवल्या, की उडालेली मोटार दुप्पट वेळ हवेत राहते.

ध्वनीला मी सर्वांत जास्त वेळ देणार होतो. पेडण्याकडच्या दशावतारात राजाची तलवार राक्षसाला लागत नाही, घाव पखवाजावर पडतो; चित्रपटातही तेच चालते. ठोशाचा आवाज नंतर स्टुडिओत मांसाच्या तुकड्यावर प्रहार करून मिळवतात, आणि हाड मोडल्याचा आवाज सेलरीचे देठ पिळून. शाकाहारी श्रोत्यांनी निदान दुसऱ्या प्रकाराबाबत निश्चिंत असावे.