कबरेकडे निघालेल्या बायका

श्रोतेहो, नमस्कार.

आज शनिवार. काल उत्तम शुक्रवार, म्हणजे येशूला क्रुसावर मारलं तो गुड फ्रायडे झाला; उद्या तो मरणातून उठला त्याचा सण, ईस्टर. मिरजेत आमच्या घरी हा मधला दिवस गप्पच जातो. संध्याकाळी फुलं आणि मेणबत्त्या आणून ठेवायच्या, कारण पहाटे अंधारातच दफनभूमीत जायचं असतं.

मी ३६ वर्षं नर्स होते. डॉक्टर विल्यम वानलेस यांनी १८९४ साली मिरजेत उघडलेल्या मिशन हॉस्पिटलात शिकले. त्यामुळे येशूच्या पुनरुत्थानाची, म्हणजे मेलेल्यांतून उठण्याची हकिगत बायबलात वाचताना माझं लक्ष आधी त्या बायकांकडे जातं. मार्क आपल्या शुभवर्तमानात लिहितो, शब्बाथ, म्हणजे यहुद्यांचा विसाव्याचा वार, संपल्यावर मग्दालिया मरीया, याकोबाची आई मरीया आणि सलोमे यांनी सुगंधी द्रव्यं विकत घेतली. शब्बाथ संपतो शनिवारी सूर्य मावळल्यावर. म्हणजे साधारण आत्ताच्या वेळेला त्या दुकानात उभ्या असतील. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत येशूचा देह घाईघाईने कबरेत ठेवावा लागला होता. देहाला सुगंधी द्रव्यं लावायचं राहिलेलं काम करायला त्या पहाटे निघाल्या.

हे काम मी केलं आहे. डोळे मिटायचे, हनुवटी बांधायची, अंग पुसायचं, केस सारखे करायचे, मग नातेवाइकांना आत बोलवायचं. त्या वेळी कसलीच आशा उरलेली नसते, तरी हात हळूच चालतात, माणसाला दुखेल म्हणून. त्या तिघी चमत्कार बघायला गेल्या नव्हत्या. वाटेत त्यांना काळजी एकच होती, कबरेच्या तोंडावरची धोंड कोण लोटील?

थांबलेलं हृदय पुन्हा सुरू झालेलं मी वॉर्डात पाहिलं आहे. सगळे घामाघूम झालेले असतात आणि मॉनिटरवरची रेघ हलू लागते. तो आनंद सांगता येत नाही. पण ते पुनरुत्थान नव्हे. ती माणसं पुढे कधी ना कधी गेलीच. येशूने मेल्यावर जिवंत केलेल्या लाजराचंही तसंच म्हणायला हवं. तो कबरेतून बाहेर आला तेव्हा हातपाय बांधलेले, तोंडाला रुमाल गुंडाळलेला; दुसऱ्यांना त्याला मोकळं करावं लागलं. तो जुन्याच आयुष्यात परतला होता. येशूच्या कबरेत मात्र तागाची वस्त्रं तिथंच पडून होती, आणि डोक्याचा रुमाल गुंडाळून वेगळा ठेवलेला होता. घडी घालण्यात जन्म गेलेल्या माझ्यासारखीला तो रुमाल विसरता येत नाही. ख्रिस्त उठल्यावर पुन्हा मरत नाही, असं प्रेषित पौल रोममधल्या ख्रिस्ती लोकांना पत्रात लिहितो.

बरेच जण मला विचारतात, म्हणजे तुमच्यात पुनर्जन्म मानतात का? नाही. आत्मा अमर आहे, एवढंच आम्हाला म्हणायचं नसतं. तोच येशू, देहासकट, मरणाच्या पलीकडे गेला. त्याने शिष्यांसमोर भाजलेला मासा खाल्ला. विश्वास न बसलेल्या थोमा नावाच्या शिष्याला हातावरच्या खिळ्यांच्या खुणा दाखवल्या. त्या खुणा गेल्या नव्हत्या! ड्रेसिंग करताना पेशंट विचारायचे, "सिस्टर, डाग जाईल ना?" त्यांना काय सांगावं हे मला कळत नसे. २०१९च्या पुरानंतर सांगलीतल्या घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ पाहिली तेव्हाही मला थोमाच आठवला. सोसलेलं पुसून टाकणारं नवं जीवन मला नकोच आहे.

आणि ते नवं जीवन मेल्यावरच सुरू होतं असंही नाही. येशूला पकडलं त्या रात्री त्याचा शिष्य पेत्र याने निखाऱ्यांपाशी शेकत तीनदा सांगितलं होतं, मी त्याला ओळखत नाही. पुढे, उठल्यानंतर, तळ्याकाठी येशूने पुन्हा निखारेच पेटवले, त्यावर मासळी ठेवली, या, न्याहारी करा, म्हणाला, आणि पेत्राला तीनदाच विचारलं, माझ्यावर प्रेम करतोस का? मागचा एक शब्दही काढला नाही. एका रात्रपाळीत मी एका म्हातारीला चिडून बोलले. सारखी पाणी मागत होती ती. दुसऱ्या रात्री ड्युटीवर आले तर कॉट रिकामी. तिची क्षमा मागायची राहून गेली. ते ओझं घेऊन मी त्या निखाऱ्यांपाशी किती वेळा जाऊन बसले असेन! आणि तिथून उठून पुन्हा वॉर्डात गेले, पाण्याचा पेला भरायला.

त्या पहाटे मग्दालिया मरीया कबरेबाहेर रडत उभी होती. समोर येशू होता, पण तिला तो माळी वाटला. मग तो एवढंच म्हणाला, "मरीये." ऑपरेशननंतर भूल उतरताना आम्हीही हेच करतो. नाव घेऊन हाक मारायची, पुन्हा पुन्हा. नाव कानावर पडलं की पापणी हलते.

उद्या पहाटे मी माझ्या मिस्टरांच्या कबरेशी उभी असेन. दगडावर त्यांचं नाव आहे आणि दोन तारखा. मेणबत्ती लावताना मी ते नाव दर वर्षी मोठ्याने वाचते. हाक मारणाऱ्याला ते पाठ आहे, असा माझा विश्वास आहे.

नमस्कार.