धाकल्याची बायको

श्रोतेहो, नमस्कार.

मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका लहान गावची. जिल्हा परिषदेच्या शाळेत एकतीस वर्षं शिकवलं आणि शेवटची काही वर्षं शाळा सांभाळून बीएलओचं, म्हणजे मतदार यादीचं कामही केलं. खांद्याला पिशवी, हातात फॉर्मांचा गठ्ठा आणि दारोदार एकच विचारणं, घरात अठराच्या वरचं कोण कोण आहे? आज बायकांच्या मताच्या हक्काबद्दल बोलायचं आहे, ते मी या यादीवरूनच बोलणार आहे. बाईनं मत कोणाच्या जोरावर द्यायचं, हा वाद मला पुस्तकांतून फार उशिरा कळला. त्याच्या आधी तो आजीकडून कळला होता.

पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीच्या आधीची गोष्ट. तेव्हा आपला भाग मध्य प्रदेशात होता आणि राजधानी नागपूर होती. गावात यादी करायला गुरुजी आले, सोबत कोतवाल. आजी वावरातून कापूस वेचून नुकतीच आली होती, ओटीतला कापूस अजून सोडायचा होता. गुरुजींनी घरातल्या माणसांची नावं लिहिली आणि विचारलं, "आता बायांची सांगा." माझी पणजी दारात बसली होती. ती म्हणाली, "लिवा ना जी, धाकल्याची बायको." गुरुजींनी लेखणी वर धरली. "धाकल्याची बायको नाई चालत, मावशी. तिले नाव असंन ना?"

आता नाव सांगायचं कोणतं? आजीची दोन नावं होती. माहेरचं नाव एका नदीचं. लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीनं लिहिलं ते देवीचं. आणि त्या घरात नऊ वर्षांत दोन्हींपैकी एकही नाव कोणी घेतलं नव्हतं. हाक होती "अवं", "सूनबाई", नाहीतर माझ्या मोठ्या काकांच्या नावानं "याची माय". आजी सांगायची, "म्या घडीभर उभीच रायली. मंग तोंडातून माहेरचंच निंगालं." गुरुजींनी नदीचं नाव लिहून घेतलं. यादीत तेच राहिलं, शेवटपर्यंत.

आजीचं नाव लागलं. देशात मात्र सुमारे २८ लाख बायकांची नावं त्या वेळी यादीतून काढावी लागली. त्यांनी, किंवा त्यांच्या घरच्यांनी, अमक्याची आई, तमक्याची बायको एवढंच सांगितलं आणि खरं नाव काही केल्या दिलं नाही. यातल्या बहुतेक बाया बिहार, उत्तर प्रदेश, राजस्थान अशा उत्तरेकडच्या होत्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन अशा नोंदी ठेवायला तयार झाले नाहीत. एवढ्या जणींचं मत गेलं याची मला हळहळ वाटते. पण आयोगानं "अमक्याची बायको" चालवून घेतलं असतं, तर आमच्या गुरुजींनीही लेखणी वर धरली नसती, असंही वाटतं.

कारण त्याआधीची तीस-बत्तीस वर्षं भांडण याच गोष्टीचं होतं. बाईनं मत द्यायचं ते कोणाच्या जोरावर? स्वतःच्या, नवऱ्याच्या, की जमिनीच्या?

डिसेंबर १९१७ मध्ये भारतमंत्री माँटेग्यू मद्रासला आले असताना सरोजिनी नायडूंच्या पुढाकारात बायकांचं एक शिष्टमंडळ त्यांना भेटलं. मार्गारेट कझिन्स या आयरिश बाईंनी त्याची जुळवाजुळव केली होती. मागणं साधं होतं: नव्या सुधारणांत मताचा हक्क लोकांना देणार असाल, तर लोक म्हणताना आम्हालाही धरा. पुढच्या वर्षी मुंबईच्या काँग्रेस अधिवेशनानं या मागणीला पाठिंबा दिला. पण मताधिकार ठरवणाऱ्या साउथबरो समितीनं नकार दिला. समाजाची तयारी नाही, पडद्यातल्या बायका मतदानाला कशा येतील, असं तिचं म्हणणं. १९१९ मध्ये मुंबईच्या हिराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन लंडनला जाऊन पार्लमेंटच्या समितीपुढे बोलून आल्या. सरोजिनीबाई आणि ॲनी बेझंटही बोलल्या. पार्लमेंटनं मग निकाल दिलाच नाही. ज्या त्या प्रांताच्या कायदे कौन्सिलनं आपापलं ठरवावं, असं म्हणून प्रश्न इकडे ढकलला.

समाजाची तयारी नाही, हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला आमच्या गावातल्या निंदणाला जाणाऱ्या बाया आठवल्या. पहाटे भाकरी थापून, लेकरू पाठीशी बांधून, दिवसभर पऱ्हाटीत वाकणाऱ्या. त्यांचा पडदा कोणता होता? त्या बाजारात जात होत्या, कापूस घेऊन जिनिंगपर्यंत जात होत्या. मत द्यायला शाळेपर्यंत जाणं त्यांना जड गेलं नसतं. त्यांना कोणी विचारलंच नव्हतं.

मद्रास आणि मुंबई प्रांतानं १९२१ मध्येच बायकांना मत दिलं. मुंबईत त्यासाठी रमाबाई रानड्यांनी मेहनत घेतली. बंगालच्या कौन्सिलात त्याच साली ठराव पडला, १९२५ मध्ये मंजूर झाला. आपल्या मध्यप्रांत-वऱ्हाडात १९२७ उजाडलं. पण मत मिळालं म्हणजे काय मिळालं, ते नीट ऐका. पुरुषाला जी अट, तीच बाईला: जमीन असावी, सारा भरत असावा, घर असावं. कागदावर बरोबरी. आता सांगा, वऱ्हाडात त्या काळी शेत कोणाच्या नावानं होतं? सातबारा बाईच्या नावावर यायचा तो बहुतेक नवरा गेल्यावर, तोही मुलगे लहान असले तर. सधवा बाई कितीही एकर पऱ्हाटी वेचो, पटवाऱ्याच्या दफ्तरात तिचं नाव नव्हतं. म्हणून मतदार यादीतही नव्हतं.

मग विचार निघाला की नवऱ्याच्या मालमत्तेवर बायकोला मत द्यावं. इथे बायकांच्या पुढाऱ्यांमध्येच मतभेद झाले. हा वाद मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि शाळेच्या पुस्तकात तो कुठेच नव्हता. राधाबाई सुब्बरायन आणि बेगम शाहनवाज गोलमेज परिषदेला गेल्या होत्या. त्यांचं म्हणणं असं की सगळ्यांना मत आत्ता मिळणार नाही, तर निदान अशा सवलती आणि राखीव जागा पदरात पाडून घ्याव्या. अखिल भारतीय महिला परिषद आणि राजकुमारी अमृत कौर यांच्यासारख्या बायकांनी ते मानलं नाही. मत द्यायचं तर प्रत्येक प्रौढ माणसाला द्या, बायको म्हणून देऊ नका, असा त्यांचा आग्रह. नवऱ्याच्या जोरावर मत मिळालं, तर जिचं लग्नच झालं नाही तिचं काय? जिला टाकून दिली तिचं काय? आणि ज्या सालदाराकडे जमीनच नाही, त्याच्या बायकोचं काय? वरून विरोधक म्हणायचेच की बायकोला मत म्हणजे नवऱ्याला दोन मतं.

मला दोन्ही बाजूंचं पटतं, आणि तरी मी दुसऱ्या बाजूची आहे. आमची पणजी आणि लंडनचे कायदेपंडित यांचं या बाबतीत एकच मत होतं, धाकल्याची बायको एवढं पुरे.

शेवटी १९३५ च्या कायद्यानं तसंच केलं. मतदाराची बायको किंवा विधवा असणं, आणि लिहिता-वाचता येणं, अशा वाटांनी बायकांची संख्या वाढवली. देशभरात पुरुष मतदार २ कोटी ९० लाखांच्या घरात आणि बायका सुमारे ६० लाख. मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधानसभेत ११२ जागा होत्या, त्यांतल्या ३ बायकांसाठी राखीव. त्या सभागृहात अनसूयाबाई काळे उपाध्यक्ष झाल्या. पुढे बेचाळीसच्या आंदोलनातल्या आष्टी-चिमूरच्या फाशीच्या कैद्यांना सोडवण्यासाठी झटल्या त्या याच, आणि १९५२ मध्ये नागपूरनं लोकसभेत पाठवलं तेही यांनाच.

आणि ती लिहिता-वाचता येण्याची अट! शिक्षिका म्हणून मला तिच्याबद्दल बोललंच पाहिजे. माझी आजी अंगठा लावायची. पण कापसाच्या मापात व्यापारी तिला एका पावशेरानंही फसवू शकत नव्हता. सायमन कमिशनच्या कामात १९२९ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी वेगळा अहवाल लिहिला. अक्षर येत नाही म्हणून माणसाला समज नाही असं धरणं चूक आहे, असं त्यांनी त्यात स्वच्छ मांडलं आणि सगळ्या प्रौढांना मत मागितलं. ज्यांना शतकानुशतकं शाळेच्या बाहेर ठेवलं, त्यांना आता शाळेची अट घालायची, यातला अन्याय त्यांच्याइतका कोणी ओळखला असता? २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित महिलांची मोठी परिषद भरली. अध्यक्ष अमरावतीच्या सुलोचनाबाई डोंगरे. बायकांची किती प्रगती झाली यावर मी समाजाची प्रगती मोजतो, हे बाबासाहेबांचं बोलणं तिथलं आहे. ऐकायला हजारो बाया आल्या होत्या. त्यांच्यातल्या फार थोड्यांना त्या दिवशी मताचा हक्क होता.

२६ जानेवारी १९५० ला सगळ्या अटी एकदम गेल्या. जमीन नको, नवरा नको, अक्षर नको. एकवीस वर्षं पूर्ण झाली की झालं. स्वित्झर्लंडच्या बायकांना देशाच्या निवडणुकीत मत मिळायला १९७१ साल उजाडावं लागलं.

वाद तिथे मिटला असं तुम्हाला वाटेल. गावात तसं झालं नाही. मत द्यायचं हे मान्य, पण मत मागायला बाईनं उभं राहायचं नाही. १९८६ मध्ये शेतकरी संघटनेचं महिला अधिवेशन चांदवडला झालं, तिथून हे बदलायला लागलं. त्यानंतर काही गावांनी ग्रामपंचायतीवर सगळ्याच्या सगळ्या बायका निवडून दिल्या. त्यात आपल्या यवतमाळ जिल्ह्यातलं मेटीखेडा होतं, वर्धा जिल्ह्यातलं येनोरा होतं. तेहतीस टक्के आरक्षणाची घटनादुरुस्ती लागू झाली १९९३ मध्ये, म्हणजे या गावांच्या नंतर. त्याच संघटनेनं लक्ष्मीमुक्ती काढली, शेताचा तुकडा बायकोच्या नावावर करून द्या म्हणून. पटवाऱ्याच्या ज्या दफ्तरात नाव नव्हतं म्हणून आजीच्या आधीच्या बायांना मत नव्हतं, तिथे या बायांची नावं लागली. त्या वेळी मी नुकतीच नोकरीला लागले होते. एका शेतकऱ्याच्या घरी मी तो सातबारा हातात घेऊन पाहिला. घरधनीण मला म्हणाली, "बाई, वाचून दाखवा ना, कुठी हाये ते." मी तिच्या बोटानं तिला तिचं नाव दाखवलं.

आता यादीचं शेवटचं सांगते, कारण हे आजचं आहे. गावातलं दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान होतं, ते तुम्हाला माहीत आहे. उभी बाटली, आडवी बाटली. दुकान बंद व्हायचं तर यादीतल्या एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवी बाटली निवडावी लागते. नीट ऐका: मतदानाला आलेल्यांपैकी नाही, यादीतल्या एकूणांपैकी. समजा गावात चारशे बायकांची नावं आहेत. दोनशे एक मतं हवीत. त्या चारशेत पंचवीस जणी वारलेल्या आहेत आणि तीस पोरी लग्न होऊन परगावी गेल्या आहेत, पण नावं कोणी कमी केली नाहीत. त्या पंचावन्न जणी येणार नाहीत. म्हणजे न येता त्या दुकानाच्या बाजूनं मोजल्या गेल्या. उलट, गावात नव्यानं आलेल्या सुना, ज्यांना रात्री दारुड्या नवऱ्याचा मार बसतो, त्यांची नावं अजून माहेरच्या यादीत. त्या बाटली आडवी करायला येतात आणि नाव नाही म्हणून परत जातात. अशी परत जाणारी पोर मी पाहिली आहे. तोंडावर पदर धरून गेली. ती बीएलओ म्हणून माझ्या हातची चूक होती. मी तिच्या घरी गेले होते तेव्हा सासू म्हणाली, "तिचं मंग पाहू," आणि मी पुढच्या घरी गेले. गुरुजींसारखी लेखणी वर धरायला हवी होती.

तेव्हापासून मी कोणत्याही दारातून सुनेला स्वतः भेटल्याशिवाय हलले नाही. नाव, स्पेलिंग, जन्मतारीख तिच्याच तोंडून. माहेरच्या यादीतून नाव हलवायला आठ नंबरचा फॉर्म लागतो. पहिल्यांदाच नाव लावायचं असेल तर सहा नंबरचा. सुनांनो, माहेरचं नाव ठेवायचं असेल तर ठेवा, कायदा आडवा येत नाही. सासवांनो, बीएलओ आली की तिला आत बोलवा.

आता आजीच्या मतदानाचं. हिवाळ्याचे दिवस, केंद्र दोन कोसांवर. बंडी जुंपली, माणसं पुढे, बाया मागे. शिदोरीत ज्वारीची भाकर आणि ठेचा. त्या वेळी मतपत्रिकेवर शिक्का मारायचा नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी, पेटीवर चिन्ह, बैलजोडी वगैरे. आपल्याला हवी त्या पेटीत कागद टाकायचा. पेट्या आडोशाच्या मागे. साहेबानं यादी पाहून नाव पुकारलं, ते नदीचं नाव. रांगेतल्या आमच्या घरच्या बाया इकडेतिकडे पाहायला लागल्या, ही कोण म्हणून. आजी पुढे झाली. बोटाला शाई लागली, आणि ती आडोशाच्या मागे गेली.

परतताना आजोबांनी विचारलं, कोणाच्या पेटीत टाकला? तिनं सांगितलं नाही. पुढे आम्ही नातवंडांनीही विचारलं, कितीदा तरी. बंडीचं चाक नाल्यात रुतलं ते ती सांगायची, ठेच्यात तेल कमी पडलं ते सांगायची, शाई किती दिवस नखावर राहिली तेही सांगायची. पेटी कोणती, ते तिनं कोणालाच सांगितलं नाही.