गणिताची पदवी : विषयांच्या क्रमामागची कारणे

(दृश्य : अभ्यासक्रमाचा आराखडा. विषयांच्या चौकटी आणि त्यांना जोडणारे बाण.)

गणिताच्या पदवी अभ्यासक्रमाच्या माहितीपुस्तिकेत विषयांची यादी असते, प्रत्येक विषयाचे क्रेडिट असतात आणि त्याखाली बारीक अक्षरांत एक ओळ असते : हा विषय घेण्याआधी कोणते विषय पूर्ण झालेले असावेत. प्रवेश घेणारे बरेच विद्यार्थी विषयांची नावे वाचतात आणि ती ओळ सोडून पुढे जातात. पदवीचे खरे स्वरूप मात्र त्याच ओळींतून कळते. त्या ओळींनुसार बाण काढत गेले की पडद्यावर दिसते आहे तशी आकृती तयार होते, आणि कोणत्याही देशातल्या विद्यापीठाचा अभ्यासक्रम घेतला तरी या आकृतीचा मधला भाग जवळजवळ सारखाच निघतो. पायाशी कॅल्क्युलस आणि रेषीय बीजगणित (रेषीय समीकरणे, सदिश आणि सारण्या यांचे गणित), त्यांच्यावर वास्तव विश्लेषण (कॅल्क्युलसचाच काटेकोर, सिद्धतांसह अभ्यास) आणि अमूर्त बीजगणित (संख्यांऐवजी नियमांनी बांधलेल्या रचनांचा अभ्यास), आणि या दोहोंच्या आधाराने उभे राहणारे बाकीचे विषय. हा क्रम वेळापत्रकाच्या सोयीने ठरलेला नाही. प्रत्येक बाणामागे गणिताचे स्वतःचे कारण आहे.

पदवीचा एकूण आवाका आधी पाहून घेऊ. युरोपातील बहुतेक देशांत पहिली पदवी तीन वर्षांची आणि १८० क्रेडिटची असते. तेथे एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. अमेरिकेत पदवी चार वर्षांची आणि साधारणपणे १२० क्रेडिटची असते, पण तिथल्या क्रेडिटचे माप निराळे आहे, आणि त्यांतला सुमारे एक तृतीयांश भागच गणिताचा असतो. उरलेल्या भागात भाषा, इतिहास, विज्ञान असे इतर विषय येतात. म्हणून दोन देशांतल्या पदव्यांची तुलना वर्षे मोजून करता येत नाही. तीन वर्षे जवळजवळ केवळ गणित शिकलेला विद्यार्थी आणि चार वर्षांत गणिताबरोबर इतर बरेच काही शिकलेला विद्यार्थी हे निरनिराळ्या वाटांनी आलेले असतात, आणि दोन्ही वाटांना आपापले मोल आहे.

क्रेडिटच्या आकड्यात आणखी एक गोष्ट दडलेली असते आणि ती विद्यार्थ्यांना कोणीतरी आधीच सांगायला हवी. समजा, युरोपीय मापाने विश्लेषणाचा विषय ९ क्रेडिटचा आहे. म्हणजे २२५ ते २७० तासांचे काम. आठवड्याला चार तास व्याख्यान आणि दोन तास सराववर्ग धरले, तर पंधरा आठवड्यांच्या सत्रात वर्गातले तास नव्वदच होतात. उरलेला बराच मोठा वेळ दर आठवड्याला मिळणाऱ्या उदाहरणसंचासाठी राखलेला असतो. त्यातल्या एखाद्या प्रश्नावर पूर्ण संध्याकाळ जाते आणि तरीही उत्तर सापडत नाही, असे नेहमी घडते. अभ्यासक्रम रचणाऱ्यांनी तो वेळ हिशेबात धरलेलाच असतो. अडलेला विद्यार्थी मागे पडलेला नसतो, तो विषयाने मागितलेले कामच करत असतो.

(दृश्य : फळ्यावर तीन अज्ञातांची तीन समीकरणे.)

आता पायाकडे येऊ. कॅल्क्युलस बहुतेकांना शाळेपासून थोडाफार ओळखीचा असतो. पदवीत तो अनेक चलांपर्यंत नेला जातो, आणि भौतिकशास्त्र, अभियांत्रिकी व अर्थशास्त्र या सर्वांना तो लागत असल्यामुळे तो सहसा मोठ्या वर्गांत, उदाहरणे सोडवण्यावर भर देऊन शिकवला जातो. रेषीय बीजगणिताची जागा मात्र वेगळी आहे. या विषयात हिशेब आणि सिद्धता प्रथमच शेजारी शेजारी बसतात.

पडद्यावरची समीकरणे सोडवायला सांगितली, तर विद्यार्थी एकेक चल काढून टाकत उत्तरापर्यंत पोहोचतो. ही रीत त्याला येते. पण त्याला असा प्रश्न विचारला, की अशा समीकरणसंचाला नेमकी दोनच उत्तरे असू शकतात का, तर तो प्रथम थबकतो, कारण इथे आकडेमोड करायला काही दिलेलेच नाही. उत्तर दोन ओळींत मावते. समजा, दोन निरनिराळी उत्तरे आहेत. त्या दोन बिंदूंतून जाणारी सरळ रेषा घ्या. समीकरणे रेषीय असल्यामुळे त्या रेषेवरचा प्रत्येक बिंदू त्यांचे समाधान करतो. म्हणजे दोन उत्तरे असतील तर अनंत असतात, आणि नेमकी दोन कधीच नसतात. या विधानात एकही विशिष्ट समीकरण आलेले नाही, तरी ते जगातल्या सगळ्या रेषीय समीकरणसंचांना एकदम लागू पडते. गणिताची पदवी पुढची सगळी वर्षे अशा प्रकारच्या विधानांची आहे, आणि विद्यार्थ्याला हे पहिल्या वर्षातच स्पष्टपणे कळावे, असे आम्हाला मनापासून वाटते.

उपयोगाच्या दृष्टीनेही या विषयाइतका सर्वत्र पोहोचलेला दुसरा विषय सापडणे कठीण. १९९८ मध्ये गूगलच्या संस्थापकांनी मांडलेली पानांची क्रमवारी लावण्याची पद्धत ही मुळात एका प्रचंड मोठ्या सारणीचा (मॅट्रिक्सचा) आयगेन सदिश, म्हणजे त्या सारणीने गुणल्यावरही ज्याची दिशा बदलत नाही असा सदिश, शोधण्याची पद्धत आहे. प्रतिमा लहान आकारात साठवणे, आकडेवारीतून कल शोधणे, यंत्राला शिकवणे, या सगळ्यांची भाषा सदिश आणि सारण्यांचीच आहे. म्हणूनच संख्याशास्त्राकडे किंवा संगणकाकडे वळणाऱ्या विद्यार्थ्यालाही या विषयातून सूट मिळत नाही.

हिशेबाकडून सिद्धतेकडे जाण्याच्या या टप्प्यावर विद्यापीठांच्या वाटा वेगळ्या होतात. जर्मनीत पहिल्याच सत्रात विश्लेषण आणि रेषीय बीजगणित हे दोन विषय संपूर्ण सिद्धतांसह सुरू होतात. वेगळा, केवळ आकडेमोडीचा कॅल्क्युलस गणिताच्या विद्यार्थ्यांना सहसा नसतो. अमेरिकेत आधी तीन-चार सत्रे कॅल्क्युलस व त्याच्या शेजारचे विषय होतात, मग अनेक ठिकाणी सिद्धता लिहायला शिकवणारा एक स्वतंत्र विषय असतो, आणि त्यानंतर विश्लेषण व बीजगणिताचे दार उघडते. या मधल्या विषयात संच, तर्कवाक्ये, गणिती अनुमान (इंडक्शन), विरोधाभासाने केलेली सिद्धता अशा गोष्टी येतात. पहिल्या वाटेवर धक्का लवकर बसतो आणि काही विद्यार्थी त्याच सत्रात विषय सोडतात. दुसऱ्या वाटेवर धक्का उशिरा बसतो, आणि तोपर्यंत पदवीचा निम्मा काळ उलटलेला असतो. गणित म्हणजे वेगाने आणि अचूक केलेला हिशेब, अशी समजूत घेऊन आलेल्या विद्यार्थ्याला तिसऱ्या वर्षी तसे नसल्याचे कळणे हे त्याच्यावर अन्याय करणारे आहे. म्हणून वाट कोणतीही असो, पहिल्या वर्षात निदान एका विषयात सिद्धता लिहून घेतली जाते का, हे प्रवेशाआधी पाहावे.

(दृश्य : निळ्या रेषेने काढलेला आलेख. प्रत्येक पद मिळवल्यावर तो बदलत जातो.)

वास्तव विश्लेषण हा विषय सक्तीचा का असतो, हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. विकलन आणि संकलन आधीच शिकून झालेले असताना तेच पुन्हा, सावकाश आणि काटेकोरपणे शिकण्याची गरज काय? याचे उत्तर इतिहासात आहे. १८२१ मध्ये ऑग्युस्तँ लुई कोशी यांनी पॅरिसच्या एकोल पोलितेक्निकमधील विद्यार्थ्यांसाठी लिहिलेल्या पाठांत सीमा आणि सातत्य या कल्पनांना नेमका आकार दिला. त्याच पाठांत एक प्रमेय होते : संतत फलनांची, म्हणजे ज्यांचा आलेख कुठे तुटत नाही अशा फलनांची, अभिसारी श्रेणी (पदे मिळवत गेल्यावर जिची बेरीज एका ठराविक किमतीकडे जाते अशी श्रेणी) घेतली, तर तिची बेरीजही संतत असते. ते वाचताना पटते. पाच वर्षांनी, १८२६ मध्ये, निल्स हेन्रिक आबेल यांनी एका तळटीपेत त्याला अपवाद दाखवला.

तो अपवाद म्हणजे पडद्यावरची ही श्रेणी. साइन क्ष, त्यातून वजा साइन २क्षचा अर्धा, अधिक साइन ३क्षचा एक तृतीयांश, आणि असेच पुढे, अधिक-वजा चिन्हे आलटून पालटून. यातले प्रत्येक पद गुळगुळीत, अखंड लाट आहे. पदे मिळवत गेल्यावर आलेख सरळ रेषेकडे सरकू लागतो, आणि उणे पाय (π) ते अधिक पाय यांच्या दरम्यान या श्रेणीची बेरीज क्षच्या बरोबर निम्मी भरते. पण क्षची किंमत पायइतकी घेतली, की प्रत्येक साइन शून्य होते आणि बेरीजही शून्यच उरते. पायच्या अगदी जवळ डावीकडून पोहोचताना बेरीज पायच्या निम्म्याकडे जात होती. पायवर ती एकदम शून्यावर कोसळते, आणि पलीकडे उणे बाजूने पुन्हा सुरू होते. सगळी पदे अखंड आहेत आणि बेरीज तुटलेली आहे.

कोशींसारख्या गणितज्ञाच्या तर्कात काय सुटले होते, ते समजायला गणितज्ञांना पुढे काही दशके लागली. श्रेणी प्रत्येक बिंदूपाशी अभिसारी असणे वेगळे, आणि सगळ्या बिंदूंपाशी एकाच वेगाच्या हमीने अभिसारी असणे वेगळे. या दुसऱ्या गुणधर्माला एकसमान अभिसरण म्हणतात, आणि तो असेल तर कोशींचे विधान खरे ठरते. हा फरक व्याख्येतल्या 'प्रत्येकासाठी' आणि 'असा एक असतो' या शब्दांच्या क्रमात आहे. कितीही लहान एप्सिलॉन (चालवून घेण्याजोगी चूक) दिला तरी ज्याच्यापुढे बेरीज तेवढीही चुकत नाही असे एक पद सापडते, ही हमी क्ष निवडण्याआधी दिली की नंतर, एवढाच प्रश्न आहे, आणि त्यावर प्रमेय खरे की खोटे हे ठरते. विश्लेषणाच्या विषयात विद्यार्थी आठवड्यामागून आठवडे व्याख्यांतल्या शब्दांच्या क्रमावर घालवतो तो यासाठी.

हा विषय वर्गातच घडला, हे आम्हाला फार महत्त्वाचे वाटते. कोशींचे पाठ विद्यार्थ्यांसाठी होते. रिचर्ड डेडेकिंड यांनी लिहून ठेवले आहे, की १८५८ मध्ये झुरिकला कॅल्क्युलस शिकवायची वेळ आली तेव्हा वास्तव संख्यांना भक्कम आधार नाही ही उणीव त्यांना तीव्रतेने जाणवली, आणि त्या शरद ऋतूत त्यांनी संख्यारेषा दोन भागांत छेदण्याची आपली कल्पना मांडली. ती १८७२ मध्ये प्रसिद्ध झाली. कार्ल वायरश्ट्रास यांची काटेकोर पद्धतही मुख्यतः बर्लिनमधल्या त्यांच्या व्याख्यानांतून पसरली. ज्या प्रश्नांनी शिक्षकांना अडवले, त्यांची उत्तरे आज पदवीच्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी शिकवली जातात.

अमूर्त बीजगणिताचा प्रवास वेगळा आहे. पाचव्या घाताच्या सर्वसाधारण समीकरणाला मूळचिन्हांच्या साहाय्याने लिहिता येईल असे सूत्र नसते, हे आबेल यांनी १८२४ मध्ये सिद्ध केले. कोणत्या समीकरणांना असे सूत्र असते आणि कोणत्यांना नसते, याचे उत्तर एवारिस्त गाल्वा यांनी दिले. १८३२ मध्ये वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा मृत्यू झाला आणि त्यांचे लेखन १८४६ मध्ये छापले गेले. उत्तर शोधताना त्यांनी समीकरणाकडून लक्ष काढून त्याच्या मूळांच्या अदलाबदलींकडे वळवले, आणि त्यातून ग्रूप ही संकल्पना, म्हणजे अशा अदलाबदली एकामागून एक केल्यावर त्या कोणत्या नियमांनी जुळतात याची रचना, पुढे आली. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकांत जर्मनीतल्या गटिंगन येथे एमी नोएथर यांनी ग्रूप, रिंग आणि फील्ड (बेरीज-गुणाकारासारख्या क्रियांच्या नियमांनी बांधलेल्या) या रचनांना स्वतंत्रपणे अभ्यासण्याची जी दृष्टी दिली, तिच्यावरच आजच्या पदवीतला हा विषय उभा आहे. पहिल्यांदा शिकणाऱ्याला त्यात धरायला काही सापडत नाही, कारण वस्तू कोणत्या आहेत ते सांगितलेलेच नसते, त्या कशा वागतात तेवढेच सांगितलेले असते. अशा वेळी रेषीय बीजगणितातली सदिशांची उदाहरणे हाताशी असणे फार उपयोगाचे ठरते. आकृतीतला तो बाण त्याचसाठी आहे.

संमिश्र विश्लेषण, टोपॉलॉजी, संख्या सिद्धांत, भूमिती, आलेखशास्त्र हे विषय यानंतर ऐच्छिक म्हणून येतात. कोठे त्यांतले तीन घ्यावे लागतात, कोठे पाच. बऱ्याच अभ्यासक्रमांत संभाव्यता, डिफरन्शियल इक्वेशन्स आणि एक प्रोग्रामिंगची भाषा सक्तीची असते.

संख्यात्मक विश्लेषणाबद्दल, म्हणजे संगणकावर अंदाजे उत्तरे काढण्याच्या गणिताबद्दल, मात्र थोडे थांबून बोलले पाहिजे, कारण शुद्ध गणिताची ओढ असलेले विद्यार्थी तो टाळतात. दशमान पद्धतीत ०.१ ही साधी संख्या आहे. संगणकाच्या द्विमान (केवळ ० आणि १ वापरणाऱ्या) पद्धतीत तिचा विस्तार कधीच संपत नाही, त्यामुळे संगणकाला तो कुठेतरी तोडावा लागतो. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियातील धहरान येथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणा सुमारे शंभर तास अखंड चालू होती. तिचे घड्याळ सेकंदाचे दशांश मोजत होते, आणि प्रत्येक दशांशातली ती सूक्ष्म तूट साचत साचत सेकंदाच्या एक तृतीयांशापर्यंत पोहोचली. येणाऱ्या क्षेपणास्त्राची जागा चुकीची ठरली, ते अडवले गेले नाही आणि २८ सैनिक मृत्युमुखी पडले. चूक किती साचते आणि ती कशी आवरायची, हा या विषयाचा गाभा आहे, आणि त्यासाठी लागणारी हत्यारे विश्लेषणाची आणि रेषीय बीजगणिताचीच आहेत.

(दृश्य : दोन अभ्यासक्रम शेजारी शेजारी. समान चौकटी उजळतात.)

एकाच नावाच्या दोन पदव्यांमध्ये किती फरक असू शकतो, हे या दोन आराखड्यांतून दिसते. डावीकडे विश्लेषण आणि बीजगणित यांची प्रत्येकी दोन सत्रे सक्तीची आहेत. उजवीकडे दोन्हींचे एकेक सत्र पुरते, आणि मोकळ्या झालेल्या जागेत संख्याशास्त्र व संगणकाचे विषय येतात. नोकरीच्या वाटेने जाणाऱ्यासाठी उजवीकडचा आराखडा उत्तम असू शकतो. पण गणितातच पुढचे शिक्षण घेण्याची इच्छा असेल, तर पदव्युत्तर अभ्यासक्रम विश्लेषणाचे आणि बीजगणिताचे दुसरे सत्र गृहीत धरूनच सुरू होतात. उजवीकडच्या विद्यार्थ्यालाही ती दुसरी सत्रे ऐच्छिक म्हणून घेता येतात, मात्र लहान विभागांत असे विषय दर वर्षी शिकवले जातातच असे नाही. काही ठिकाणी ते एका वर्षाआड येतात. शेवटच्या वर्षी हे लक्षात आले, तर विषय त्या वर्षी नसतो, किंवा असला तरी त्याआधीचे सत्र पूर्ण झालेले नसते. म्हणून हा निर्णय पहिले वर्ष संपताना घ्यावा लागतो, आणि तो घेताना विभागाकडून पुढच्या दोन वर्षांत कोणते विषय कोणत्या सत्रात शिकवले जाणार आहेत, याचे वेळापत्रक मागून घ्यावे.