विद्यापीठातली हिंसा आणि एकटा पडलेला साक्षीदार

श्रोते हो, नमस्कार.

मध्य प्रदेशातलं उज्जैन शहर. २६ ऑगस्ट २००६. तिथल्या माधव महाविद्यालयात विद्यार्थी संघाच्या निवडणुकीवरून वाद पेटला होता. राज्यशास्त्राचे विभागप्रमुख हरभजनसिंग सभरवाल त्या दिवशी कामावर होते. प्राध्यापकांना घेराव पडला, दमदाटी झाली, आणि ती टीव्हीच्या कॅमेऱ्यांनी टिपली. त्या गोंधळात सभरवाल सरांना मारहाण झाली. त्यातच ते गेले. देशाची राज्यघटना आणि निवडणूक पद्धती मुलांना शिकवणारा माणूस कॉलेजच्या आवारात, निवडणुकीच्या भांडणात मारला गेला.

खटल्यात अखिल भारतीय विद्यार्थी परिषदेचे पदाधिकारी आरोपी होते. उज्जैनमध्ये खटला सुरू झाला आणि एकेक साक्षीदार आपल्या जबाबावरून फिरू लागला. त्यात कॉलेजचा शिपाईही होता. सरांच्या मुलाने सर्वोच्च न्यायालयात धाव घेतली. इथे न्याय मिळण्याजोगं वातावरण नाही, हे त्याचं म्हणणं होतं. मार्च २००८ मध्ये न्यायालयाने खटला आपल्या नागपूरला हलवला. जुलै २००९ मध्ये नागपूरच्या सत्र न्यायालयाने सहाही आरोपींना निर्दोष सोडलं. सरकारी पक्षाला गुन्हा सिद्ध करता आला नाही. कायद्याने निर्दोष म्हटलं की माणूस निर्दोष, हे मी मानतो. पण मग सभरवाल सरांना मारलं कोणी? इतक्या लोकांदेखत घडलेल्या गोष्टीचं उत्तर आजही कुठल्या निकालपत्रात नाही.

मला आज त्या शिपायाविषयी बोलायचंय. साक्षीच्या पिंजऱ्यात उभं राहिल्यावर त्याच्या मनात काय चाललं असेल, ते मला ठाऊक नाही. पण कुठल्याही कॉलेजातला शिपाई असा उभा राहतो तेव्हा त्याची परिस्थिती काय असते, ते आपल्याला दिसतं. नोकरी याच गावात, मुलं याच शाळेत, आणि ज्यांच्याविरुद्ध बोलायचं त्यांची माणसं रोज चौकात. खटला दुसऱ्या राज्यात नेता येतो. शिपायाचं घर नेता येत नाही. नागपूरचं न्यायालय निःपक्ष होतं म्हणून काय झालं, साक्ष संपल्यावर साक्षीदार परत उज्जैनलाच जाणार होता.

हा प्रश्न एका रंगाच्या झेंड्याचा नाही, हेही स्वच्छ सांगतो. ३० डिसेंबर १९७० ला कोलकात्याच्या जादवपूर विद्यापीठाचे कुलगुरू गोपालचंद्र सेन यांचा विद्यापीठाच्या आवारातच खून झाला. दुसऱ्या दिवशी ते निवृत्त होणार होते. वृत्तीने गांधीवादी माणूस. तो काळ बंगालमधल्या नक्षलवादी हिंसाचाराचा होता. जुलै २०१८ मध्ये केरळातल्या एर्नाकुलमच्या महाराजाज कॉलेजात डाव्या विद्यार्थी संघटनेचा अभिमन्यू भोसकला गेला. भिंतीवर कोणी लिहायचं यावरून झालेला वाद, आणि आरोप कॅम्पस फ्रंट या दुसऱ्या विद्यार्थी संघटनेच्या कार्यकर्त्यांवर. माझ्या बाजूचा मुलगा मेला तर हुतात्मा आणि समोरच्या बाजूचा मेला तर गुंड, असा हिशोब जो मांडतो, त्याला पुढच्या खुनाचा निषेध करण्याचा अधिकार उरत नाही.

आता आपल्या महाराष्ट्राकडे येऊ. १९८९ मध्ये मुंबईत महाविद्यालयीन निवडणुकांच्या राजकारणात एनएसयूआय या काँग्रेसच्या विद्यार्थी संघटनेच्या ओवेन डिसूझा या तरुण कार्यकर्त्याचा खून झाला. त्याआधीही मारामाऱ्या, पळवापळवी चालायचीच. सरकारने इलाज काढला तो निवडणुकाच बंद करण्याचा. १९९४ च्या विद्यापीठ कायद्याने गुणवत्तेवर प्रतिनिधी नेमायची पद्धत आणली. वर्गात पहिला येणारा मुलगा किंवा मुलगी वर्ग प्रतिनिधी. नोटीस बोर्डावर यादी लागली की झालं. मतदान नाही, भाषण नाही, कोणाला पटवायचं नाही, कोणाला उत्तर द्यायचं नाही. अनेक पालकांना बरंच वाटलं. पोरं अभ्यासाला लागली, असं म्हटलं गेलं.

मला हा इलाज तेव्हाही पटला नव्हता आणि आजही पटत नाही. पक्षांच्या विद्यार्थी शाखा त्यानंतर बंद झाल्या का? मोर्चे निघतच राहिले, नेत्यांच्या वाढदिवसाचे फलक कॉलेजच्या फाटकावर लागतच राहिले. गेलं ते एवढंच की, एखाद्या साध्या घरातल्या मुलीने पाचशे मुलांसमोर उभं राहून ‘वसतिगृहाच्या पाण्यासाठी मला मत द्या’ असं म्हणण्याची जागा गेली. दादागिरी करणाऱ्याला मतपेटी कधीच लागत नव्हती. ती लागत होती या मुलीला.

विद्यापीठात राजकारण नको म्हणणाऱ्यांना मी मराठवाड्याची आठवण देतो. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. विरोधात शहरांतून विद्यार्थ्यांचे मोर्चे निघाले, आणि घरं जळाली ती खेड्यापाड्यांतल्या दलितांची. विद्यापीठाची पायरीही न चढलेली माणसं बेघर झाली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीचे पोचिराम कांबळे त्यात मारले गेले. पण नामांतराची मागणी धरून सोळा वर्षं लढणारेही त्याच पिढीतले तरुण होते. सत्याग्रह केले, लाँग मार्च काढला, तुरुंगात गेले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला तो त्या चिवटपणामुळे. घर जाळणं आणि सत्याग्रह करणं, दोन्हींना ‘राजकारण’ म्हणून एकाच गाठोड्यात बांधायचं आणि विद्यापीठाबाहेर फेकायचं, हा सत्याग्रहींवर उघड अन्याय आहे.

सभरवाल सरांच्या मृत्यूनंतर महिन्याच्या आत, सप्टेंबर २००६ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थी निवडणुकांविषयीच्या लिंगडोह समितीच्या शिफारशी लागू केल्या. उमेदवाराचा खर्च पाच हजारांपर्यंत, छापील पोस्टर नको, ७५ टक्के हजेरी हवी, गुन्ह्याची नोंद नसावी, पक्षाचा पैसा नको. नियम चांगले आहेत. आपल्या २०१६ च्या विद्यापीठ कायद्यानेही निवडणुकांची वाट पुन्हा उघडली. २०१९ मध्ये त्या होणार म्हणून तयारी झाली आणि विधानसभा निवडणुकीचं कारण देऊन पुढे ढकलल्या गेल्या. सगळ्याच पक्षांना आपापल्या विद्यार्थी शाखा हव्या असतात, आणि मुलांनी खरोखर मत दिलेलं मात्र कुणालाच नको असतं, असं मला यातून दिसतं.

पण खर्चाची मर्यादा त्या शिपायाला वाचवत नाही. त्याच्यासाठी आज एक साधन आहे, ते कॉलेजांना माहीतच नसतं. डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने साक्षीदार संरक्षण योजना मंजूर केली. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा व सत्र न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली समिती असते. साक्षीदाराने, त्याच्या घरच्यांनी, वकिलाने किंवा तपास अधिकाऱ्याने अर्ज करायचा. धोका किती आहे याचा अहवाल पोलिसांनी पाच कामकाजाच्या दिवसांत द्यायचा. गरज पडली तर बंदोबस्त, ओळख लपवणं, काही काळ दुसरीकडे राहण्याची सोय, हे सगळं त्यात आहे.

ऐकणाऱ्यांत प्राचार्य असतील, प्राध्यापक असतील, त्यांना माझी कळकळीची विनंती आहे. आवारात मारहाण झाली तर फिर्याद संस्थेने स्वतः द्यावी, मार खाल्लेल्या मुलावर ढकलू नये. सीसीटीव्हीचं चित्रीकरण त्याच दिवशी पोलिसांकडे पोचतं करून पोच घ्यावी. आणि ज्याने पाहिलंय, मग तो शिपाई असो, ग्रंथालयातली मदतनीस असो की पहिल्या वर्षाचा मुलगा, त्याला एकट्याला न्यायालयात पाठवू नये. त्याच्या अर्जासाठी धावपळ करावी, साक्षीच्या तारखेला प्राचार्यांनी स्वतः त्याच्याबरोबर जावं.

नमस्कार.