बाई, पाऊस तिकडंच का पडतो?

(वाईत बालवाडीच्या ताई आणि पालकांपुढे दिलेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

नमस्कार. बाहेर भुरभुर सुरू आहे, तरी तुम्ही वेळेवर आलात, आजी-आजोबाही आलेत, फार बरं वाटलं.

एका प्रश्नापासूनच सुरुवात करते. जुलै महिना होता. आमच्या बालवाडीच्या अंगणात चार दिवस नुसतंच आभाळ, पाऊस नाही. आणि कृष्णा मात्र दुथडी भरून चाललेली, घाटाच्या पायऱ्या पाण्याखाली. साडेचार वर्षांचा एक मुलगा आजोबांबरोबर नदी बघून आला आणि दप्तर खांद्यावरून काढायच्या आधीच म्हणाला, "बाई, हितं पाऊस न्हाई, मग नदीला पानी कुठनं आलं?"

भूगोलाच्या पुस्तकात हा प्रश्न यायला त्याला अजून बरीच वर्षं होती. तो त्याचा त्यालाच पडला होता, कारण त्याने दोन गोष्टी पाहिल्या होत्या आणि त्या एकमेकींशी जुळत नव्हत्या. मला तरी विज्ञान म्हणजे हेच वाटतं. अशा वेळी आपण "धरणाचं पाणी सोडलं असेल, जा खेळ" म्हणालो, तर उत्तर खोटं ठरत नाही, पण त्या मुलाचा धागा तिथेच तुटतो.

मी त्याला अंगणात नेलं आणि पाचगणीच्या डोंगराकडे बोट दाखवलं. डोंगरमाथा दिसतच नव्हता, करड्या ढगाने गिळला होता. म्हटलं, तिकडे पडतोय. तो बराच वेळ बघत राहिला. मग पुढचा प्रश्न आला, "तिकडंच का पडतो?"

या प्रश्नावर थोडं थांबते, कारण वाईच्या मुलांइतकं त्याचं उत्तर डोळ्यांसमोर असलेली मुलं फारशी नसतील. महाबळेश्वर इथून तीस-बत्तीस किलोमीटर. तिथे वर्षाला साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, आपल्याकडे हजाराच्या आत. आणखी पूर्वेला दहिवडीकडे गेलं की पाचशेच्या आसपास. मिलिमीटर मुलांना कळत नाही, कळायची गरजही नाही. मी त्यांना सांगते, वर्षभराचा सगळा पाऊस वाहू न देता, मुरू न देता जमिनीवर साठवला, तर महाबळेश्वरात एकावर एक दोन हत्ती उभे केले तरी बुडतील. वाईत तुझ्या छातीपर्यंत येईल. दहिवडीत कमरेपर्यंत. मुलं लगेच स्वतःच्या छातीला हात लावून बघतात. तो हात लागला की आकडा पोचला.

आता का? वारा समुद्रावरून ओलावा घेऊन येतो. वाटेत सह्याद्रीची भिंत उभी. वाऱ्याला ती चढावीच लागते. महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर, तिथे थंडी असते हे स्वेटर घालून गेलेल्या प्रत्येक मुलाला ठाऊक आहे. वर चढताना हवा थंड होते, थंड हवेत ओलावा मावत नाही, त्याचं पाणी होतं आणि ते तिथेच सांडतं. भिंत ओलांडून वारा इकडे उतरतो तेव्हा पुन्हा ऊबदार होतो, आणि ओलावाही बराच संपलेला असतो. तिकडे सांडलेलं पाणी मात्र नदीच्या वाटेने आपल्याकडे येतं, कारण कृष्णा महाबळेश्वरातच उगम पावते आणि धोमच्या धरणातून पुढे वाईत येते. त्या मुलाला मी एवढंच सांगितलं, "वारा डोंगर चढून दमला, ओझं तिथेच टाकलं. ते पाणी नदी घेऊन आली." दमला हा शब्द माझा. आजही मला तो खटकत नाही. चार वर्षांच्या मुलाला तो पुरतो, आणि पुढे शाळेत खरं कारण कळेल तेव्हा यातलं काही पुसून टाकावं लागणार नाही. उत्तर लहान करायला हरकत नाही. पुढे खोडून टाकावं लागेल असं उत्तर देऊ नये, एवढी काळजी मी घेते.

"ढगांची टक्कर होते म्हणून गडगडतं" हे तसं खोडावं लागणारं उत्तर. आपण सगळ्यांनी ते लहानपणी ऐकलं आणि पुढे दिलंही. ढग म्हणजे बारीक थेंब आणि बर्फाचे कण, ते आपटून आवाज कसा येईल? उंच ढगात हे बर्फाचे कण एकमेकांवर घासतात, त्यातून वीज साठते. ती कडाडते तेव्हा तिच्या वाटेवरची हवा एका क्षणात भयंकर तापते आणि फुगते. त्या फुगण्याचा तो आवाज. मुलांना मी सांगते, वीज चमकली की मोजायला लागा. सेकंदाला एक अंक, तीन अंकांना वीज एक किलोमीटर लांब. उजेड लगेच दिसतो, आवाज मागून चालत येतो. घाबरून कान झाकणारी मुलगी एक, दोन, तीन मोजायला लागली की तिची भीती निम्मी होते, हे मी अनेकदा पाहिलंय. मात्र त्याच बरोबर हेही शिकवायचं, की गडगडाट ऐकू आला की घरात यायचं, झाडाखाली उभं राहायचं नाही.

मग आजीच्या त्या म्हातारीचं काय, जी आभाळात हरभरे भरडत बसते? तिला मुळीच हाकलू नका. एकदा मी वर्गात विजेचं सगळं सांगितलं आणि विचारलं, "मग म्हातारी?" एक मुलगा शांतपणे म्हणाला, "म्हातारी गोष्टीतली, वीज आभाळातली." मुलांच्या मनात दोन्हींना जागा असते. तसंच कॅलेंडरातल्या पावसाच्या नक्षत्रांच्या वाहनांचं. एखाद्या वर्षी मृगाचं वाहन बेडूक, कधी म्हैस, कधी हत्ती. "पाऊस बेडकावर बसून कसा येतो?" असं मुलं विचारतात. सांगावं, की ही आपल्या शेतकऱ्यांची पाऊस ओळखायची जुनी रीत, आणि मग बेडूक कुठे ओरडतोय ते ऐकायला न्यावं.

आता एक चुकलेला प्रसंग सांगते. एका मुलीने विचारलं, "बाई, पाऊस रात्रीच का येतो?" मी म्हटलं, अगं, दिवसाही येतो, काल नाही का आपण खिडकीतून पाहिला? तिने मान हलवली आणि गप्प बसली. महिन्याभराने तिच्या घरी गेले. पत्र्याला तीन ठिकाणी गळती. खाली एक पातेलं, एक बादली, एक घमेलं. रात्री पाऊस आला की सगळ्यांना उठून अंथरूण सरकवावं लागे. दिवसाचा पाऊस तिच्या खिजगणतीतच नव्हता. प्रश्न पावसाचा नव्हता, झोपमोडीचा होता, आणि मी हवामानाचं उत्तर दिलं होतं. तेव्हापासून मी आधी विचारते, "तुला असं का वाटलं गं?" हे टाळण्यासाठी विचारायचं नाही. विचारायचं आणि ऐकून घ्यायचं.

ढग खाली का पडत नाही, हा प्रश्न दरवर्षी येतो, आणि तो मोठ्यांनाही यावा इतका चांगला आहे. एक किलोमीटर लांब, रुंद आणि उंच अशा साध्या पांढऱ्या ढगात सुमारे पाचशे टन पाणी असतं. उसाने भरलेले पंचवीस-तीस ट्रक आभाळात लटकलेत असं समजा. पण ते पाणी इतक्या बारीक कणांत वाटलेलं असतं की एकेक कण सेकंदाला सेंटिमीटरभरच खाली येतो, आणि खालून वर येणारी हवा त्याला पुन्हा उचलते. हे दाखवायला आमच्या वर्गात एक कवडसा येतो. त्यात धुळीचे कण तरंगताना दिसतात. मुलं त्यात हात घालतात, फुंकर मारतात. म्हटलं, हे जसे पडत नाहीत, तसे ते. असे दहा लाख कण एकत्र आले की एक चांगला थेंब होतो, मग तो काही थांबत नाही. आणि पाचगणीच्या घाटात एसटी धुक्यात शिरते तेव्हा तुम्ही ढगातच बसलेले असता, हे सांगितलं की वर्गात जो गलका होतो, तो ऐकायला यावं तुम्ही.

पावसाचं पाणी खारट का नाही, हे विचारलं तर बशीत मिठाचं पाणी उन्हात ठेवा. मीठ मागे राहतं, पाणी जातं. तेवढं पुरे.

आणि येत नसेल तर "मला माहीत नाही" म्हणा, पण दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन या. मला एकाने विचारलं होतं, पावसात डास मरतात का? मला खरंच माहीत नव्हतं. शोधलं तर कळलं, २०१२ साली अमेरिकेतल्या संशोधकांनी वेगवान कॅमेऱ्याने हेच पाहिलं होतं. थेंब डासापेक्षा कितीतरी पट जड, पण डास इतका हलका की थेंबाला तो अडवतच नाही. थोडा त्याच्याबरोबर खाली जातो आणि बाजूला निसटतो. म्हणजे आमच्या बालवाडीतला प्रश्न प्रयोगशाळेत गेलेला होता! त्या मुलाला मी हे सांगितलं तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला होता.

शेवटचा प्रश्न थेंबांचा. सगळे थेंब सारखे असतात का? अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये विल्सन बेंटली नावाचा शेतकरी होता, हिमकणांचे फोटो काढणारा म्हणून प्रसिद्ध. त्याने पिठाने भरलेलं भांडं पावसात धरलं. प्रत्येक थेंबाची पिठात एक गोळी झाली, आणि त्या गोळ्यांवरून त्याने थेंब मोजले. १९०४ साली ते छापूनही आलं. हे आपल्या स्वयंपाकघरात होतं. परातीत बोटभर मैदा पसरायचा, वर ताट झाकायचं, पावसात जाऊन ताट दोन-तीन सेकंद काढायचं आणि परत झाकायचं. थोडा वेळ थांबून मैदा चाळायचा. चाळणीत गोळ्या उरतात. काही मोहरीएवढ्या, काही साबुदाण्याएवढ्या. भुरभुरीच्या वेगळ्या, सरीच्या वेगळ्या. मुलं त्या काडेपेटीत घालून घरी नेतात आणि सांगतात, हा मंगळवारचा पाऊस.

परात त्या टेबलाखाली आहे, मैदाही आणलाय. मागच्या बाकावरच्या दोन मुलांना पुढे येऊ द्या, ताट ती धरतील. चला व्हरांड्यात.