गळ्यातला विजेचा पट्टा

श्रोतेहो, नमस्कार.

आज बोलायचंय ते कुत्र्याच्या गळ्यातल्या शॉक कॉलरबद्दल. दिसायला साधा पट्टा, पण आतल्या बाजूला धातूच्या दोन बोथट खुंट्या असतात. त्या केसांतून थेट कातडीला टेकतात. मालकानं रिमोटचं बटण दाबलं की मानेला विजेचा झटका बसतो. यावर कायद्यानं बंदी हवी का, हा वाद. ब्रिटनमधल्या वेल्सनं २०१० मध्येच बंदी घातली. इंग्लंडमध्ये फेब्रुवारी २०२४ पासून नियम लागू होणार होते, ते झालेच नाहीत. मला विचाराल तर बंदी हवीच. का, ते सांगतो.

आमच्या शेजारी वाघ्या नावाचा कुत्रा होता. घरातल्या आजोबांचा भारी लाडका. आजोबांच्या काठीची टकटक ऐकू आली की जिथे असेल तिथून धावत यायचा. खोड एकच, मांजर दिसलं की सुटायचा. म्हणून घरातल्या थोरल्या मुलानं हा पट्टा आणला.

एका संध्याकाळी मांजर अंगणातून गेलं, वाघ्या मागे धावला. मुलानं रिमोट शोधून बटण दाबेपर्यंत मांजर भिंतीवर चढलं होतं आणि वाघ्या मागे वळला होता. नेमके त्याच क्षणी आजोबा काठी टेकत दारात आले. टक, टक, आणि झटका. वाघ्या असा केकाटला की आम्ही सगळे बाहेर आलो.

मुलाच्या हिशेबी शिक्षा मांजराची. वाघ्याच्या हिशेबी मात्र ती काठीची! दुसऱ्या दिवशी काठी वाजली तसा तो खाटेखाली घुसला, तिथेच त्याला लघवी झाली. आजोबा वाकून म्हणतायत, "अरे वाघ्या, मी आहे रे," आणि तो भिंतीला आणखी चिकटतोय. मांजरांमागे धावणं? ते होतं तसंच राहिलं.

पट्टा त्याच दिवशी काढला. पण आजोबा पुढे कितीतरी महिने काठी आत ठेवून, भिंतीला धरत उंबऱ्यापर्यंत यायचे आणि तळहातावर खाऊ घेऊन नुसते बसायचे. हाक नाही, त्याच्याकडे बघणंही नाही. वाघ्या अखेर आला, पुन्हा मांडीवर डोकं ठेवू लागला. काठी वाजली की कान मात्र शेवटपर्यंत मागे जायचे.

पुन्हा सांगतो, दुखलं त्या क्षणी समोर जे दिसतं, कानावर जे पडतं, त्याच्याशी कुत्रा ते दुखणं जोडतो. आपल्या मनात काय होतं, हे त्याला कळत नाही. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठाचा २०१४ साली आलेला अभ्यास ६३ कुत्र्यांवर होता. बक्षीस देऊन शिकवण्यापेक्षा पट्ट्यानं जास्त काही साधलं, असं त्यात दिसलं नाही. ताणाची लक्षणं मात्र जास्त दिसली.

   

बंदीच्या विरोधातला एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. मेंढ्यांमागे लागलेल्या कुत्र्याला कित्येक देशांत शेतकरी गोळी घालू शकतो, तेव्हा पट्ट्यानं त्याचा जीवच वाचेल, असं विरोधक म्हणतात. न्यूझीलंडमध्ये कुत्र्यांनी किवी पक्ष्यापासून लांब राहावं म्हणून हेच पट्टे वापरतात. पण ते काम जाणकार प्रशिक्षक करतात, ठरलेल्या वेळी, ठरलेल्या ठिकाणी. हवी तर कायद्यात तेवढ्यापुरती सवलत ठेवा. घरोघरी चिडलेल्या हातात रिमोट देणं वेगळं. मेंढ्या असतील तिथे कुत्रा दोरीलाच हवा, हे मेंढपाळही सांगतील. लांब दोरी बांधा, हाक मारा, आला की खाऊ द्या. हाक, मग खाऊ. रोज.

घरात असा पट्टा असेल तर आज तो काढा आणि मानेवरचे केस बाजूला करून कातडी बघा. पट्टा तासन् तास घट्ट राहिला तर खुंट्यांच्या दाबानं जखमा होतात. तसं काही दिसलं तर पशुवैद्यांना दाखवा. नमस्कार.